तेराचा पाढा म्हणत धावा : मनाच्या आजारपणात धावण्याचा आधार कसा घ्यावा

पहाटे साडेपाचला बेळगावातील वडगावहून येळ्ळूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर कोणी धावताना दिसले, की आपल्याकडे एकच प्रश्न विचारला जातो : भरती कुठली? मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र ज्या शहरात आहे आणि ज्याच्या आसपासच्या प्रत्येक गावातील चार-दोन घरांत तरी फौजेचा गणवेश खुंटीला लागलेला आहे, तेथे धावणे म्हणजे सैन्याची तयारी हे समीकरण घट्ट बसलेले असणे स्वाभाविकच आहे. त्यामुळे त्रेचाळीस वर्षांची, सलवार-कुडता घातलेली प्राथमिक शाळेतील एक बाई त्या रस्त्यावर धापा टाकत धावू लागली, तेव्हा एका मुलाने अगदी मनापासून विचारले, "काकू, बायकांची पण भरती निघाली काय?" मी नाही म्हणाले, पण मग कशासाठी, हे काही मला त्याला सांगता आले नाही. ते येथे क्रमाने लिहिते आहे.

आई गेल्यानंतरच्या हिवाळ्यात माझी झोप रोज पहाटे तीनला मोडू लागली. भूक गेली, वर्गात फळ्याकडे तोंड करून उभी राहिले की पुढचा शब्द आठवेनासा झाला, आणि अधूनमधून छातीत अशी धडधड सुरू होई की आता आपण मरणार असे वाटे. दोनदा ईसीजी काढला, दोन्ही वेळा तो चांगला आला. एका ठिकाणी 'गॅस आहे' म्हणून पाठवण्यात आले, घरच्या एका वडीलधाऱ्यांनी नजर काढली, आणि तिसऱ्या डॉक्टरांनी मात्र सरळ मानसोपचारतज्ज्ञांकडे चिठ्ठी दिली. औषध सुरू होऊन दोन महिने झाल्यावर त्यांनीच चालायला सांगितले, आणि चालण्याचे पुढे धावणे झाले. या प्रवासात ज्या चुका मी केल्या त्यांपैकी बहुतेक एकाच समजुतीतून आल्या होत्या : धावायचे तर ते भरतीच्या मुलांसारखे, छाती फुटेपर्यंत धावायचे. मनासाठी धावणाऱ्याने नेमके याच्या उलट करायचे असते, आणि हे सुरुवातीलाच पटले तर तुमचे निम्मे काम झाले.

१. आधी डॉक्टर, मग बूट

उदासपणा, घाबरणे किंवा झोपमोड दोन आठवड्यांहून अधिक टिकली असेल, तर पहिले पाऊल मैदानावर नव्हे, दवाखान्यात टाका. थायरॉईडचा स्राव कमी पडणे, रक्तातील हिमोग्लोबिन किंवा बी-१२ जीवनसत्त्व घटणे यांची लक्षणे नैराश्यासारखीच दिसतात, आणि त्यांच्यावर कितीही किलोमीटर धावण्याचा उपयोग होत नाही. आपल्याकडील बायकांमध्ये रक्त कमी असणे इतके सर्रास आढळते की ही तपासणी केल्याशिवाय धावायला सुरुवात करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. चालताना छातीत दुखत असेल, पूर्वी भोवळ येऊन पडला असाल, रक्तदाब किंवा मधुमेह असेल, किंवा घरात कोणी तरुण वयात अचानक हृदयविकाराने गेले असेल, तर डॉक्टरांनी होकार दिल्यावरच पुढे जा.

सरकारी सोय हवी असेल तर बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात, म्हणजे बिम्समध्ये, मानसोपचार विभाग आहे. त्याहून मोठी व्यवस्था धारवाडच्या डिमहान्स या सरकारी मानसिक आरोग्य संस्थेत, सुमारे ८० किलोमीटरवर आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आज देशभर चालतो, तो १९८० च्या दशकात याच राज्यातील, म्हणजे कर्नाटकातील, बळ्ळारी जिल्ह्यात करून पाहिलेल्या प्रयोगावरून उभा राहिला आणि १९९६ मध्ये केंद्राने तो हाती घेतला. तेव्हा 'आपल्या भागात या आजाराची सोय कुठली' असे म्हणून घरी बसण्याचे कारण नाही. घरातून बाहेर पडणेच जमत नसेल तर टेली-मानस ही केंद्र सरकारची मोफत दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६ असून ती चोवीस तास चालते आणि फोन लागल्यावर भाषा निवडता येते. आपण सीमाभागातील माणसे बाजारात कानडी आणि घरात मराठी सहज बोलतो, परंतु 'जीव कासावीस होतो' हे दुसऱ्या भाषेत सांगायला गेले की ते 'डोके दुखते' एवढेच उरते. म्हणून फोनवर मराठी निवडा. दवाखान्यात जायचे असेल तर आदल्या रात्री अर्धे पान मराठीत लिहून काढा, त्यात त्रास कधी सुरू झाला, किती वाजता होतो आणि कशाने वाढतो हे नोंदवा, आणि गरज पडल्यास कानडी चांगले बोलणारे कोणीतरी बरोबर न्या.

औषधे चालू असतील तर 'मी धावायला सुरुवात करते आहे' हे डॉक्टरांना सांगणे आवश्यक आहे. घबराटीवर दिले जाणारे प्रोप्रॅनोलॉल हृदयाची गती वाढू देत नाही, त्यामुळे हातातील घड्याळावर दिसणाऱ्या ठोक्यांवरून वेग ठरवणाऱ्याची फसगत होते. मनाच्या तीव्र चढउतारांवर दिले जाणारे लिथियम घेणाऱ्याच्या अंगातील पाणी घामावाटे फार कमी झाले तर रक्तातील लिथियम धोकादायक पातळीवर जाऊ शकते. काही औषधांमुळे उन्हाचा त्रास लवकर होतो. सर्वांत मोठा सापळा मात्र दोन-तीन महिन्यांनी समोर येतो : धावून बरे वाटू लागते आणि माणूस गोळ्या आपल्या मनाने बंद करतो. मी तो मोह केला होता. चौथ्या दिवशी चक्कर, चिडचिड आणि डोक्यात विजेचे बारीक झटके बसल्यासारखे वाटू लागले, आणि डॉक्टरांकडे जाऊन कबुली द्यावी लागली. गोळी कमी करायची ती त्यांच्या सांगण्यावरून, टप्प्याटप्प्याने.

२. अपेक्षा किती ठेवायची

१९९९ मध्ये अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठातील संशोधकांनी नैराश्य असलेल्या, पन्नाशी उलटलेल्या १५६ जणांचे तीन गट केले. एका गटाला सर्ट्रालिन हे औषध, दुसऱ्याला देखरेखीखाली व्यायाम आणि तिसऱ्याला दोन्ही देण्यात आले. १६ आठवड्यांनी तिन्ही गटांतील सुधारणा जवळपास सारखी निघाली, मात्र औषधाच्या गटाला आराम लवकर पडला. २०२३ मध्ये नेदरलँड्समध्ये १४१ जणांवर झालेल्या अभ्यासात, ज्यात बहुतेकांनी आपला उपचार स्वतः निवडला होता, औषध घेणारे आणि धावणारे या दोन्ही गटांत साधारण ४४ टक्के लोक बरे झाले, आणि धावणाऱ्यांची शारीरिक प्रकृतीही अधिक सुधारली. त्याच अभ्यासातील दुसरा आकडा माझ्या दृष्टीने जास्त महत्त्वाचा आहे : औषधाचा उपचार ८२ टक्के लोकांनी ठरल्याप्रमाणे पाळला, तर धावणे केवळ ५२ टक्के लोकांनी. म्हणजे उपाय लागू पडतो, पण निम्मी माणसे तो अर्ध्यावर सोडतात. आणि तेथे तर आठवड्याला दोन-तीनदा देखरेखीखाली, गटाने धावण्याची सोय होती. या लेखातील पुढची प्रत्येक सूचना 'सुटू नये' या एका हेतूने दिलेली आहे.

धावल्यावर मेंदूत एंडॉर्फिन नावाचे रसायन सुटते आणि माणूस आनंदाने तरंगू लागतो, असे सगळे सांगतात. २०२१ मध्ये जर्मनीत धावपटूंना एंडॉर्फिनचा परिणाम रोखणारे औषध देऊन पाहिले, तरीही त्यांना ती सुखाची लहर जाणवली, तेव्हा कारण बहुधा दुसऱ्या रसायनांत आहे. ते काहीही असो, मी आजवर एकदाही तरंगलेली नाही. मला जे मिळाले ते साधे आहे : धावलेल्या दिवशी रात्री झोप लागते, आणि सकाळी परतल्यावर सुमारे दोन तास डोक्यातील गिरणी बंद राहते. चार ते सहा आठवडे तेवढ्यावर समाधान मानायची तयारी ठेवा.

३. कागदपत्रे आणि सामान

दवाखान्यासाठी एक प्लॅस्टिकची पिशवी कायमची भरून ठेवा, तिच्यात पुढील वस्तू असाव्यात.

– आधार कार्ड आणि रेशन कार्ड. लग्न होऊन चंदगड, गडहिंग्लज किंवा कोल्हापूरकडून इकडे आलेल्या कित्येक बायकांचे नाव अजून माहेरच्या रेशन कार्डावर असते. सरकारी योजनेतून उपचार घ्यायचे असतील तर पत्ता आणि नाव आधी दुरुस्त करून घ्या, ऐन वेळी खिडकीवर अडचण होते.
– जुने केसपेपर, रक्ताचे व ईसीजीचे अहवाल, आणि चालू गोळ्यांची रिकामी पाकिटे. नुसते 'पांढरी छोटी गोळी' म्हणून सांगण्याचा काही उपयोग नाही.
– वर सांगितलेले अर्ध्या पानाचे टिपण.

धावण्यासाठी फार काही लागत नाही. धावण्याचेच म्हणून मिळणारे, मऊ तळाचे बूट दोन-अडीच हजारांत येतात. पाय दिवसभरात थोडे सुजतात, म्हणून ते संध्याकाळी घ्यावेत, आणि पुढे अंगठ्याएवढी जागा मोकळी राहते की नाही ते उभे राहून पाहावे. मुलाचे शाळेचे कॅनव्हासचे बूट घालून मी पहिला महिना काढला आणि नडगीचे दुखणे विकत घेतले. बायकांनी बुटांइतकेच पैसे छातीला घट्ट आधार देणाऱ्या, खेळासाठीच्या अंतर्वस्त्रावर खर्च करावेत; हा विषय दुकानात बोलायला संकोच वाटतो म्हणून अनेक जणी पहिल्याच आठवड्यात धावणे सोडतात, आणि कारण दुसरेच सांगतात. याखेरीज एक साधे घड्याळ, एक वही, आणि खिशात घरच्यांचा फोन क्रमांक व चालू औषधांची नावे लिहिलेली चिठ्ठी एवढे पुरे आहे.

४. जागा आणि वेळ

पहिली जागा अशी निवडा की जेथे थांबले, बसले किंवा रडू आले तरी कोणी जमा होणार नाही. शहरात राहणाऱ्यांसाठी टिळकवाडीतील व्हॅक्सिन डेपोची झाडी सकाळी चांगली असते, कारण तेथे चालणारे इतके असतात की तुमच्याकडे कोणाचेही लक्ष जात नाही. लेले मैदानासारखी मातीची जागा गुडघ्यांना डांबरापेक्षा बरी पडते. किल्ल्याच्या तलावाकडे गर्दी उशिरा वाढते. गावात असाल तर शाळेचे मैदान उत्तम. एक फेरी किती मीटरची आहे ते एकदा पावलांनी मोजून ठेवा.

शिवारातील रस्ता मनाला सर्वांत जास्त मानवतो. भाताच्या खाचरांवरून येणारा वारा आणि समोर राजहंसगडाचा काळसर आकार दिसू लागला की माझे खांदे आपोआप खाली येतात. परंतु त्या रस्त्यावर काही नियम पाळावे लागतात. उजव्या बाजूने, समोरून येणारे वाहन दिसेल असे धावा. गळीत हंगामात, साधारण नोव्हेंबरपासून, जिल्ह्यातील अनेक रस्त्यांवर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर पहाटेपासून असतात. मागच्या ट्रॉलीचा झोल आणि बाहेर आलेली मोळी चालकाला दिसत नाही, म्हणून तो दिसताच रस्ता सोडून उभे राहा. खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीकडे किंवा भीमगड अभयारण्याच्या कडेच्या गावांत, उजाडण्यापूर्वी एकट्याने धावू नका. तेथे अस्वल आणि गवे असतात. शहरात हा धोका नाही असेही समजू नये : ऑगस्ट २०२२ मध्ये गोल्फ कोर्सच्या झाडीत बिबट्या शिरला होता आणि परिसरातील शाळांना सुट्टी द्यावी लागली होती.

कुत्री हा रोजचा प्रश्न आहे. कुत्रे मागे लागले की धावणे बंद करून चालू लागा, त्याच्या डोळ्यांत पाहू नका, पाठ फिरवू नका. चावलेच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस घ्या. हळद, चुना किंवा तंबाखू लावू नका.

५. पहिले आठ आठवडे : वेग पाढ्याने ठरवा

आठवड्यातून तीनच दिवस धावायचे, मध्ये एक दिवस सोडून. मी सोमवार, बुधवार, शुक्रवार धरले, कारण शनिवारी आमची सकाळची शाळा असते.

– पहिला आणि दुसरा आठवडा : फक्त २० मिनिटे चालणे.
– तिसरा आणि चौथा : ५ मिनिटे चालणे, मग १ मिनिट धावणे व २ मिनिटे चालणे असे सहा वेळा, शेवटी पुन्हा ५ मिनिटे चालणे.
– पाचवा आणि सहावा : मधल्या भागात २ मिनिटे धावणे व २ मिनिटे चालणे, पाच वेळा.
– सातवा आणि आठवा : ३ मिनिटे धावणे व १ मिनिट चालणे, पाच वेळा.

एखादा आठवडा जड गेला तर तोच पुन्हा करा. यात नापास होण्याची सोय ठेवलेली नाही.

आता वेगाविषयी, कारण सगळी गडबड येथेच होते. सैन्यभरतीच्या १.६ किलोमीटरच्या धावेत पूर्ण गुण हवे असतील तर ती साडेपाच मिनिटांत संपवावी लागते, आणि आपल्या नजरेसमोर धावण्याचे चित्र तेवढे एकच असते. मीही पहिल्या दिवशी तसेच धावले आणि दोनशे मीटरवर बांधावर बसून ओकारी काढली. माझा एक जुना विद्यार्थी त्याच रस्त्यावर भरतीची तयारी करत होता, तो थांबला आणि म्हणाला, "बाई, एवढं दामटून पळू नका. आम्ही पण पहिला महिना नुसतं चालतोच." मी ज्याला पाढे शिकवले त्याच्याकडून मला हे ऐकावे लागले. पाढ्यांवरूनच मला पुढे वेगाची मोजपट्टी सापडली.

धावताना तेराचा पाढा मोठ्याने म्हणा. 'तेरा एके तेरा, तेरा दुणे सव्वीस, तेरा त्रिक एकोणचाळीस' एवढे एका श्वासात सहज म्हणता आले तर वेग बरोबर आहे. सव्वीसवरच श्वास तुटला तर वेग कमी करा, मग शेजारून चालणारी आजी पुढे गेली तरी चालेल. पाचाचा किंवा दहाचा पाढा घेऊ नका, तो जिभेला इतका पाठ असतो की तोंड पाढा म्हणते आणि मन आपली जुनी चिंता दळत राहते. तेरा, सतरा, एकोणीस हे पाढे लक्ष मागतात; शंभरापुढे जुन्या पद्धतीने 'चारोदरशे, सतरोदरशे' (एकशे चार, एकशे सतरा) म्हणायला गेलात तर त्या क्षणी दुसरा विचार डोक्यात राहूच शकत नाही. ज्यांना मोठ्याने म्हणायला संकोच वाटतो त्यांनी बरोबर कोणाला तरी घ्यावे आणि गप्पा माराव्यात, मोजमाप तेच.

सोबतीची गोष्ट निघाली म्हणून सांगते : आमच्या गल्लीतील दोघी जणी तिसऱ्या महिन्यात माझ्याबरोबर येऊ लागल्या, आणि त्यानंतरच माझे जाणे खऱ्या अर्थाने नियमित झाले. माझ्या आजाराविषयी त्यांना मी काही सांगितले नव्हते. सहाला दहा कमी असताना दारावर एक टकटक होई, आणि कोणी वाट पाहत उभे आहे एवढ्या एका कारणाने मी उठत असे.

६. धडधड सुरू झाली तर

घबराटीचे झटके येणाऱ्यांसाठी हा टप्पा सर्वांत अवघड असतो. धावताना हृदय जोरात चालते, श्वास वाढतो, तळहातांना घाम सुटतो; झटक्यातही हेच होते. त्यामुळे मेंदू दोन्हींची गल्लत करतो. तिसऱ्या आठवड्यात, एका मिनिटाच्या धावेनंतर, मला नेमके असे झाले. आमच्या शिवारातून वाहणाऱ्या बळ्ळारी नाल्याच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला बसून मी उजव्या हाताने डाव्या मनगटाची नाडी धरली आणि घड्याळाकडे पाहत राहिले. पहिल्या मिनिटाला १४८ ठोके होते, दुसऱ्याला १२०, तिसऱ्याला १०४. ठोके स्वतःहून उतरत होते. मी काहीही केले नव्हते, गोळी घेतली नव्हती, कोणाला हाक मारली नव्हती. समोर एक बगळा चिखलातून पाय उचलून ठेवत होता, आणि मी आकडे मोजत होते.

तुम्हीही हेच करा. धडधड वाटली की धावणे थांबवून सावकाश चाला, लगेच घरी पळू नका, आणि तीन मिनिटे नाडी मोजा. श्वासोच्छ्वास वाढला, तो धावण्यामुळे वाढला आणि थांबल्यावर उतरला, हे शरीराने स्वतः दहा-वीस वेळा अनुभवले की घरात बसल्या जागी होणाऱ्या धडधडीची भीती कमी होत जाते. मानसोपचारातही घबराटीच्या रुग्णाला ही लक्षणे मुद्दाम, सुरक्षितपणे अनुभवायला लावण्याची पद्धत आहे. मात्र फरक ओळखा : छातीत दाबल्यासारखे दुखणे, ते हातात किंवा जबड्यात जाणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, किंवा दहा मिनिटे विश्रांती घेऊनही ठोके न उतरणे ही घबराटीची म्हणून सोडून द्यायची लक्षणे नव्हेत, तेव्हा तडक दवाखाना गाठा.

७. ज्या दिवशी उठवत नाही

नैराश्यात 'इच्छा झाली की जाईन' हे वाक्य फसवे असते, कारण इच्छा हीच तर आजाराने नेलेली असते. अशा दिवशी धावायचे ठरवू नका, फक्त बूट घालायचे ठरवा. मग गल्लीच्या टोकापर्यंत जा. पाच मिनिटांनी परत यावेसे वाटले तर खुशाल या, आणि तो दिवस झाला असे धरा. बूट आणि कपडे रात्रीच दाराशी काढून ठेवा. सकाळी कपाट उघडणे हेसुद्धा त्या अवस्थेत डोंगराएवढे असते, हे ज्याने भोगले आहे त्याला वेगळे सांगायला नको.

लोकांच्या बोलण्याचेही येथेच सांगते. 'घरात काम नाही वाटतं' हे मी ऐकलेले आहे. उत्तर म्हणून 'डॉक्टरांनी सांगितलंय, शुगर आहे' असे म्हणून मी दोन वर्षे निभावले. तुम्हाला खरे सांगायचे नसेल तर सांगू नका. आजाराची दवंडी पिटणे हा उपचाराचा भाग नाही.

८. वही

प्रत्येक धावेआधी आणि नंतर मनाला शून्य ते दहापैकी किती गुण द्याल, ते वहीत लिहा. शेजारी झोपेचे तास. अंतर आणि वेग लिहू नका. निदान पहिले तीन महिने तरी फोनमधील धावण्याचे ॲप वापरू नका, कारण तेथे भाच्याचे आणि शेजाऱ्याचे आकडे दिसतात, आणि खचलेल्या मनाला तुलना करायला एवढेसे निमित्त पुरते.

महिन्यातून एकदा पीएचक्यू-९ ही नैराश्य किती आहे ते मोजणारी नऊ प्रश्नांची प्रश्नावली भरा. प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ असे एकूण २७ गुण असतात. बेरीज १० किंवा त्याहून अधिक आली तर ती डॉक्टरांना दाखवावी. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. त्याला शून्याशिवाय कोणताही गुण पडला तर बेरजेकडे पाहत बसू नका. त्याच दिवशी घरातल्या माणसाला सांगा, १४४१६ वर बोला किंवा डॉक्टरांकडे जा.

९. धावणे हेच दुखणे होते तेव्हा

याविषयी फार कोणी बोलत नाही. झोप तीन-चार तासांवर आली असूनही थकवा वाटत नाही, डोक्यात कल्पनांची गर्दी होते आणि दहा किलोमीटर धावूनही अंग स्वस्थ बसत नाही, असे झाले तर ते बरे होणे नसून उन्मादाची सुरुवात असू शकते. द्विध्रुवीय आजार, म्हणजे उदासी आणि उन्माद आलटून-पालटून येणारा आजार, असलेल्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी हे लक्षात ठेवावे. धाव चुकली म्हणून दिवसभर अपराधी वाटणे, जेवणाची भरपाई म्हणून धावणे, दुखऱ्या पायावर धावणे, किंवा बायकांची पाळी थांबणे ही सगळी थांबून डॉक्टरांशी बोलण्याची लक्षणे आहेत. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशी पोटी धावू नये आणि खिशात साखर ठेवावी. इतरांना अर्ध्या तासासाठी रिकामे पोट चालते. फार तर एक केळे खा.

१०. पावसाळा आणि पडलेला खंड

आपल्याकडे सुरुवात करणाऱ्यांची संख्या थंडीत वाढते आणि जूनमध्ये सगळी गळती होते. मृगाच्या सरी सुरू झाल्या की पहिले चार दिवस 'आज जरा जास्त आहे' म्हणून जातात, मग झड लागते, बळ्ळारी नाल्याचे पाणी शिवारात चढते, आणि आषाढात वडगावच्या मंगाईदेवीची यात्रा येईपर्यंत बूट माळ्यावर गेलेले असतात. माझ्या वहीत पहिल्या वर्षी ९ जून ते २६ ऑगस्ट एकही नोंद नाही, आणि त्याच काळात झोप पुन्हा तीनला मोडू लागल्याचे डॉक्टरांच्या केसपेपरवर आहे.

म्हणून मे संपण्यापूर्वीच पावसाळ्याची व्यवस्था ठरवा. रिमझिम असेल तर धावायला हरकत नाही, फक्त टोपीचा पुढचा भाग लांब असावा, म्हणजे डोळ्यांत पाणी जात नाही. विजा कडाडत असतील, वळवाच्या दिवसांत तर विशेषतः, बाहेर पडू नये. तांबड्या मातीच्या उतारावर आणि शेवाळलेल्या फरशीवर पाय घसरतो, तेथे चालावे. जोराचा पाऊस असेल त्या दिवशी घरातील सोप्यात २० मिनिटे जागच्या जागी चालणे, जिना चढणे-उतरणे किंवा दोरीवरच्या उड्या यांपैकी काहीही करा, पण ठरलेल्या दिवशी आणि ठरलेल्या वेळी करा. ओले बूट चुलीजवळ किंवा गॅसपाशी वाळवू नका, तळ सुटतो. आतला तळवा काढून जुन्या वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवा आणि रात्री एकदा बदला, सकाळपर्यंत घालण्याजोगे होतात.

तरीही खंड पडलाच तर जेथे सोडले होते तेथून सुरू करू नका. एक आठवडा चुकला असेल तर एक आठवडा मागे जा, महिना चुकला असेल तर पुन्हा तिसऱ्या आठवड्यापासून, म्हणजे एक मिनिट धावणे आणि दोन मिनिटे चालणे. मी गेल्या गणेशोत्सवानंतर असेच केले. पहिल्या सोमवारी तेराचा पाढा तेरा पंचे पासष्टवर अडला, शुक्रवारी तेरा सत्ते एक्क्याण्णवपर्यंत गेला.